माझ्यासमोर जेवा

बुधवार, १ फेब्रुवारी

घोटबाईंनी रोज लिहायला सांगितलंय. घोटबाई म्हणजे दवाखान्यातल्या, मला पुन्हा गिळायला शिकवणाऱ्या बाई. हे नाव मीच ठेवलंय, त्यांना माहीत नाही. व्यायाम किती केले आणि कोरडा घोट किती वेळा जमला, एवढंच लिहायचं असं त्यांचं म्हणणं. तर केले व्यायाम. जीभ बाहेर, जीभ आत, हनुवटी खाली, घोट. जमला म्हणावं तर जमला. आता मला जे लिहायचंय ते लिहिते.

या घरात माझ्यासमोर कुणी जेवत नाही.

घशातली गाठ किरणांनी जाळली. गाठ गेली, पण जाताना गिळणंही घेऊन गेली. तोंडात घातलेलं काहीही पोटाऐवजी फुप्फुसाकडे वळतं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून पोटाला नळी बसवली आहे आणि नवरा ठरलेल्या वेळी तिच्यातून डब्यातल्या पावडरीचं पांढरं पातळ सोडतो. तो आयुष्यभर बस डेपोत वेळापत्रकं करत होता, त्यामुळे एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही. त्या पातळाला मी 'ते' म्हणते. 'ते' झालं का, 'ते' आणलंस का. जिभेला ज्याची चव माहीत नाही त्याला जेवण कोण म्हणेल.

माझी तक्रार त्या पातळाबद्दल नाहीच. तक्रार आहे स्वयंपाकघराच्या दाराबद्दल. हे दार कधी लागत नव्हतं. आता नवरा आत जातो, दार लावतो, थोड्या वेळाने तोंड पुसत बाहेर येतो. जेवणाच्या टेबलावर औषधांचे खोके आणि वाफ घ्यायचं यंत्र मांडून ठेवलंय, जणू तिथे कधी कुणी जेवलंच नव्हतं. मुलगी पलीकडच्याच गल्लीत राहते, कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. ती आली की दारातूनच सांगते, "मी खाऊन आलेय हं."

आणि घरात आवाज नाही. हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण मी सिनेमांना आवाज देत आले आहे. बोलण्याचे नव्हे, बाकीचे. पडद्यावर नायक जिना चढतो तेव्हा त्याचे बूट माझ्या पायात असतात. खलनायकाचं हाड मोडतं ते माझ्या हातात मोडतं. कान हीच माझी रोजीरोटी होती. नवऱ्याचा डावीकडचा जबडा चावताना बारीक टिकटिकतो, लग्नापासून. ती टिकटिक मी कित्येक महिन्यांत ऐकलेली नाही. टोस्टची कुरकुर नाही, गाजराचा कडकडाट नाही, बिस्किटसुद्धा मोडत नाही कुणी. म्हणजे मला ऐकू जाऊ नये म्हणून हे लोक दाराआड मऊ मऊ काहीतरी गिळतायत. इतकी दया मला मेल्यावरही कुणी दाखवू नये.

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज सकाळी जाहीर करून टाकलं. दर शनिवारी संध्याकाळी दिवाणखान्यात खाण्यापिण्यावरचा एक सिनेमा लागणार. पिझ्झा येणार. नवरा आणि मुलगी माझ्यासमोर बसून तो खाणार.

मुलगी म्हणाली, "आई, तुला त्रास होईल."

"होईल ना? मला होईल. तुझं काय जातंय?"

"अगं, पण सिनेमाही खाण्याचाच कशाला? दुसरा बघू या ना एखादा."

"उपाशी माणसाने ताटाकडे बघू नये असं कुठे लिहिलंय? मी बघणार. टक लावून बघणार."

नवरा म्हणाला, "पिझ्झाच का पण?"

त्याला कारण सांगितलं. पिझ्झा लपवता येत नाही. खोका उघडला की वास सगळ्या घरभर फिरतो, हाताला तेल लागतं, चीज हनुवटीपर्यंत ताणलं जातं. चमच्याने गुपचूप गिळायचा पदार्थ नाही तो. शिवाय त्याला कड असते, आणि कड नीट भाजलेली असली की मोडताना आवाज येतो. मला तो आवाज हवाय. नियमही सांगून टाकले. खोका टेबलावर उघडा राहील. औषधं टेबलावरून हलतील. कुणीही मला "बरं वाटतंय ना?" असं विचारणार नाही.

सिनेमा होता एका मालवाहू जहाजावरच्या आचाऱ्याचा. वादळात सगळं जहाज हेलकावे खातंय आणि हा गडी सूप ढवळतोय. सुपाचा आवाज मात्र साफ खोटा. कुणीतरी बादलीत नुसतं पाणी ओतलेलं. दाट सूप असं पडत नाही, ते उतरतं. मी हे बोलून दाखवलं तर मुलगी हसली, खूप दिवसांनी. तिने तीन तुकडे खाल्ले. एरवी दोनावर हात टेकते. बाहेरचं खाणं तिला मानवतंय, चांगलं आहे.

नवऱ्याने एक तुकडा घेतला. मधेच फोन वाजला म्हणून आत गेला आणि रिकामी ताटली घेऊन परत आला. मी सोडून दिलं. पहिला दिवस आहे. मला जे हवं होतं ते मिळालं. माझ्या घरात माझ्यासमोर माणसं जेवली.

सोमवार, ६ फेब्रुवारी

'ते' पुन्हा संपलं. आणलेले डबे महिनाभर सहज पुरायला हवेत, निम्म्यातच तळ दिसतो. औषधवाला हातचलाखी करतोय, दुसरं काय. आज स्वतः दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं. आवाज घोगरा झालाय, पण त्याची एक सोय आहे, माणसं गप्प होऊन ऐकतात.

तो म्हणाला, "ताई, डबा सीलबंद येतो. मी त्यातून कसं काढणार?"

"ते मला काय माहीत? आजारी माणसाच्या तोंडचं काढून कुठे नेताय?"

नवरा शेजारी उभा होता. बस दोन मिनिटं उशिरा आली तर डेपो मॅनेजरला पत्र लिहिणारा हा माणूस. आज नुसता खाली बघून म्हणाला, "जाऊ दे ना. मी बघतो काय ते." निवृत्तीनंतर फार मऊ पडलाय.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आज तुरुंगातल्या स्वयंपाकघराचा सिनेमा. एक कैदी पाव भाजायला शिकतो आणि सुटकेच्या दिवशी त्याला बाहेर जावंसंच वाटत नाही. शेवट रडका, पण मधला अर्धा तास नुसता कणीक मळण्याचा. तो आवाज मात्र खरा. ज्या कुणी दिलाय त्याच्या मनगटात जोर आहे. मी डोळे मिटून ऐकत बसले.

नवऱ्याने सुरीकाटा आणला आणि तुकड्याचे बारीक बारीक चौकोन केले. म्हणे दाढ दुखते. मी म्हटलं, "दाताच्या डॉक्टरकडे जा." म्हणाला, "जाईन." जाणार नाही. ताटलीतले चौकोन इकडून तिकडे फिरत होते. चणे आहेत तर दात नाहीत अशी याची गत, आणि माझी त्याच्या उलट. पुढे सिनेमात शिरले आणि त्याच्याकडे लक्ष राहिलं नाही.

घोटबाईंना सांगणार नाही अशी एक गोष्ट झाली. दोघं खोका टाकायला खाली गेली तेव्हा टेबलावर चीजचा एक ओघळ राहिला होता. मी बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला. गिळला नाही. तसाच ठेवला, मग रुमालाने जीभ पुसून काढली. खारट, तेलकट, किंचित आंबट. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. पडद्यावरच्या बायकांच्या रडण्याला मी किती वेळा पाण्याचा आवाज दिलाय. स्वतःसाठी पहिल्यांदा वापरला.

बुधवार, १५ फेब्रुवारी

एक नवीन भानगड लक्षात आली आहे. दुपारचं 'ते' नळीतून आत गेलं, नवऱ्याने सिरिंज धुतली, स्वयंपाकघरात गेला, दार लावलं. थोड्या वेळाने काचेच्या ग्लासात चमचा फिरल्याचा आवाज. बराच वेळ, गोल गोल, गुठळ्या मोडाव्यात तसा. मी हाक मारून विचारलं, काय चाललंय. म्हणाला, ग्लास धुतोय. चमच्याने ग्लास धुणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. थंड कॉफी ढवळून पीत असणार, मला वास येऊ नये म्हणून थंड. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातला प्रकार. पिऊ दे बापडा. पण दार उघडं ठेवून पी म्हणावं, माझ्यासमोर बसून पी.

संध्याकाळी मुलगी आली ती त्याची पॅन्ट कमरेत आत घ्यायला. तो स्टुलावर उभा, ही तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर. मध्येच ती म्हणाली, "बाबा, हे दुसऱ्यांदा घेतेय मी. आता कापडच उरलं नाही." तो काहीतरी पुटपुटला आणि दोघंही माझ्याकडे बघून गप्प झाली. मी म्हटलं, "डेपोच्या कॅन्टीनचं तेलकट सुटलं, त्याचा गुण आहे. या वयात हलकं झालेलं बरंच." मुलीने टाचणी बोटात टोचून घेतली. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी धांदरटपणा जात नाही.

गिळण्याची तपासणी गुरुवारी, तेवीसला आहे. भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. पास झाले तर पातळ पेज तोंडाने सुरू करतील, मग हळूहळू पुढे. मी सगळ्यांना सांगत असते की मला काही फरक पडत नाही, नळी तर नळी. खोटं आहे ते. मला एक घोट पाणी प्यायचंय.

शनिवार, १८ फेब्रुवारी

मुलीला सर्दी झाली, आली नाही. नवरा म्हणाला, "आज राहू दे का मग?" मी म्हटलं, "राहू देणार नाही. तू आहेस, मी आहे, पिझ्झा आहे."

"एकट्याने खायला कसंतरी वाटतं."

"एकटा कुठे? मी बसलेय की समोर."

त्याने खोका उघडला. सिनेमा दोन म्हाताऱ्या शेजारणींचा होता. त्या एकमेकींच्या वरचढ केक करता करता सबंध गल्लीला लठ्ठ करून सोडतात. मी हसत होते. आणि अर्ध्यावर, माझ्या डावीकडून, कड मोडल्याचा आवाज आला. करकरीत. पुन्हा एकदा. मी मुद्दाम वळून बघितलं नाही, त्याला लाज वाटू नये म्हणून. सरळ पडद्याकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, जिंकले.

रात्रीचं 'ते' देताना त्याला म्हटलं, "आज बरं वाटलं मला." त्याने सिरिंज जरा घाईने ढकलली आणि पोटात गच्च झालं.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

शनिवारच्या आवाजात काहीतरी खटकतंय. दोन दिवस डोक्यात घोळतोय. आवाज चांगला होता. जरा जास्तच चांगला होता. उगाच शंका घेते झालं, जित्याची खोड. तपासणी परवावर आली आहे.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

नापास.

खुर्चीत बसवलं, पांढरं दाट औषध चमच्याने तोंडात घातलं आणि म्हणाले, गिळा. समोरच्या पडद्यावर माझाच गळा दिसत होता. ते औषध पडद्यावर काळं दिसतं; काळी रेघ खाली उतरली, फाट्यावर जरा थबकली आणि चुकीच्या वाटेला लागली. पुन्हा दिलं. पुन्हा तेच. घोटबाईंनी माझा हात धरला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "व्यायाम सोडू नका. पण नळी आता लांबचीच धरून चालू. कदाचित कायमची." माणूस सरळ बोलला म्हणून मला आवडला.

नवऱ्याने विचारलं, "कायमची म्हणजे?" डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी मीच त्याला उठवलं आणि बाहेर आणलं. माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा उतरला होता. मला राग आला. नापास मी झाले आणि सांत्वन याचं करायचं का?

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. दार लागलं. ग्लासात चमचा फिरायला लागला.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

मुलीचा फोन. "उद्या नको ना आई. पुढच्या वेळी बघू."

"उद्याच. आणि मोठा मागव."

"तुला कळत कसं नाही? बाबांना झेपत नाहीये."

"खाणं झेपत नाही? मला सांगतेस? नळीवाली मी आहे."

ती काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. सगळ्यांनी मिळून मला अजून एकदा आजारी करायचं ठरवलंय. मी होणार नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

पिझ्झा आला. मोठा. खोका टेबलावर उघडला. कुठल्याशा डोंगरातल्या चीज करणाऱ्या बाईचा सिनेमा लावला. मुलगी माझ्या उजवीकडे, नवरा डावीकडे. मुलीने खायला सुरुवात केली, खाली मान घालून, औषध घ्यावं तशी. पाचेक मिनिटांनी डावीकडून आवाज आला. करकरीत, गेल्या शनिवारसारखाच.

आणि मला कळलं काय खटकत होतं. कड मोडली, पण पुढे काही नाही. दात नाहीत, ओल नाही, जबड्याची टिकटिक नाही. घास मोडला आणि तोंडात गेलाच नाही.

मी सिनेमा थांबवला. म्हटलं, "हात वर कर."

"काय?"

"डावा हात. वर कर."

त्याने केला नाही, तेव्हा मीच धरून वर केला. हातात रुमाल होता. रुमालात वाळलेल्या पावाचे तुकडे. हाडं मोडण्याचा आवाज काढायला मी हेच करायचे, कडक पाव रुमालात गुंडाळून मोडायचा. घरी सराव करताना हा माणूस समोर पेपर वाचत बसलेला असायचा. माझीच विद्या माझ्यावर चालवत होता. पिझ्झाचा तुकडा ताटलीत तसाच्या तसा, चीज गोठून गेलेलं.

मी म्हटलं, "तू खात नाहीस."

मुलगी म्हणाली, "सांगा ना बाबा आता. नाहीतर मी सांगते."

त्याने ताटली लांब सरकवली. मग तीच बोलली. "आई, बाबा काहीच खात नाहीत. तुझी नळी लागली तेव्हापासून. तुझी पावडर ढवळून पितात, तुझ्याच वेळेला. दुसरं काही नाही. मी भांडले, रडले. तुला सांगितलं तर घर सोडून जाईन म्हणाले."

आता हे लिहिताना हात थांबतोय. दाराआड मऊ काही नव्हतं, दाराआड काहीच नव्हतं. सबंध आयुष्य आवाज ओळखण्यात गेलं, आणि माझ्याच घरातल्या शांततेचा अर्थ मी उलटा लावला. वर औषधवाल्याला चोर ठरवून आले.

मी त्याला विचारलं, का. तो बराच वेळ रुमालातला चुरा गोळा करत राहिला.

"पहिल्या दिवशी चव बघायला घेतलं," तो म्हणाला. "तुला काय घालतोय ते आपल्याला माहीत नको? मग जेवायला बसलो तर घास फिरायला लागला तोंडात. तू बाहेर खुर्चीत पोटाला नळी घेऊन बसलेली, आणि मी आत चावतोय. नाही जमलं. म्हटलं, ही खायला लागली की आपण लागू. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न."

"आणि आता डॉक्टर कायमची म्हणाले."

"हो."

"म्हणजे तू काय, कायमचा?"

त्याने मान हलवली. हलवली म्हणजे होय म्हणून हलवली. इतक्या साधेपणाने, की जणू बसची वेळ बदलल्याचं सांगत होता.

मला इतका राग आला की खुर्चीचा हात धरून बसावं लागलं. लोकांना वाटेल बायकोवर केवढं प्रेम. असेलही. पण मी गाठीशी भांडले, किरणांनी गळा भाजून घेतला, पोटाला भोक पाडून घेतलं, ते याला उपाशी मारायला नव्हे. आजाराने माझं तोंड घेतलं. याने स्वतः होऊन आपलं तोंड त्याच्या हवाली केलं. एका घरातून दोन माणसं कशाला द्यायची त्याला?

मी म्हटलं, "ते माझं जेवण आहे. माझं. मला दुसरं मिळत नाही, आणि तुला सगळं मिळतंय. माझ्या ताटातलं चोरताना लाज नाही वाटली?"

मी त्याला जेवण म्हटलं, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

"तू खा," तो म्हणाला, "मग मी खातो." लहान मुलासारखा हट्ट. "तू खात नाहीस तोवर मला जाणार नाही. मी मुद्दाम नाही करत. खरंच जात नाही."

मुलगी रडत होती. पिझ्झा गार होत होता. मग मला एक गोष्ट सुचली. सुचली म्हणजे रागातच सुचली.

मुलीला म्हटलं, तो चीजवाल्या बाईचा सिनेमा बंद कर, आणि तिला दुसरा शोधायला सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा आहे. मी स्वतः काम केलेला सिनेमा घरात कधी लावत नाही, त्यामुळे या दोघांनी तो बघितलेला नाही. गोष्ट एका खादाड विधवेची. नवरा गेल्यावर ती दुःख करायच्या ऐवजी गावोगावच्या खानावळी पालथ्या घालते. पहिल्यापासून शेवटपर्यंत बाई खात असते. ती नटी मात्र तेव्हा वजन कमी करत होती. प्रत्येक घास चावल्यासारखं करून ती बादलीत थुंकायची, आणि तोंड मिटून चावायची ती नुसतीच. आवाज सगळा नंतर भरला. बंद खोलीत, एका माइकसमोर, मी भरला. मका, सफरचंद, तळलेला मासा, टोस्ट, द्राक्षं. संध्याकाळपर्यंत पोट फुटायची वेळ आली होती. ध्वनिमुद्रक म्हणाला होता, बाई, थुंका की तुम्हीही. मी म्हटलं होतं, थुंकलं की आवाज खोटा येतो. सगळं गिळलं होतं मी.

मुलीने फोनवर शोधून टीव्हीला लावला. पहिल्याच दृश्यात बाई खानावळीत बसते आणि सफरचंदाचा लचका तोडते.

मी नवऱ्याला म्हटलं, "ऐक. ही ती नाहीये. ही मी आहे. दात माझे, जीभ माझी. मी जेवतेय."

तो बघत राहिला. पडद्यावर बाईने चावलं, आणि मग घोट घेतला. तो स्वच्छ ऐकू आला. माझा घोट. दोन दिवसांपूर्वी यंत्रासमोर मला जो जमला नाही तो, बिनचूक, सहज, कुणी शिकवल्याशिवाय घेतलेला. माझ्या अंगावर काटा आला. मुलीने माझा हात घट्ट धरला.

"तू म्हणालास, तू खा मग मी खातो," मी म्हटलं. "मी सुरू केलंय. आता मला एकटीला जेवायला लावू नकोस."

त्याने तुकडा उचलला. गार झालेलं चीज ताणलं गेलं नाही, नुसतं तुटलं. पडद्यावर मी टोस्ट चावला, आणि माझ्या डावीकडे त्याने चावला. थोडा वेळ काहीच नाही. मग टिक. मग पुन्हा टिक. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो चावत होता, नाक पुसत होता, परत चावत होता. मीही रडत होते, पण आज नळ सोडायला कुठे गेले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, हळू." मी तिला म्हटलं, "मध्ये बोलू नकोस, जेवतोय तो."

मग मीच उठले. स्वयंपाकघरातून डबा, ग्लास आणि सिरिंज घेऊन आले आणि टेबलावर मांडली. आजवर हे काम बेडरूममध्ये, पडदा ओढून व्हायचं. पावडर मी ढवळली, नळी मी जोडली, पदर सारून सगळ्यांसमोर. मी ते थोडं थोडं सोडत गेले, आणि तिघंही जेवलो. सिनेमातली विधवा माशाचे काटे चोखत होती. तो चोखण्याचा आवाज मला आजही अभिमान वाटावा इतका चांगला उतरलाय.

त्याने तीन तुकडे खाल्ले. मी दोनावर थांब म्हणत होते, ऐकलं नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

सकाळपासून नवऱ्याचं पोट बिघडलंय. इतके महिने नुसतं पातळ, आणि एकदम तीन तुकडे पिझ्झा, आतड्यांनी तरी काय करावं. पोट धरून पडलाय, कण्हतोय आणि माझ्यावर चिडलाय. खूप दिवसांनी चिडलाय. मी म्हटलं, भोग आता. गरम पाण्याची पिशवी दिली आणि औषधवाल्याकडे गेले.

दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. ती जाण्याची वाट न बघता, त्यांच्यासमोरच त्याला सांगितलं की डब्याबद्दल मी बोलले ते चुकीचं होतं, चोर आमच्याच घरात निघाला. तो बिचारा इतका ओशाळला की काउंटर पुसायला लागला.

"असू दे ताई. होतं असं. आज काय देऊ?"

"पोटदुखीवर काहीतरी द्या. अपचनावर."

त्याने माझ्याकडे बघितलं, नळी असते त्या जागेकडे बघितलं, आणि जपून विचारलं, "का हो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "काल जरा जास्तच जेवलो आम्ही."